कॉर्न स्नेक एकेकटेच ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव सापांवरचा लेख वाचला. सापाची भीती घालवणारं लिखाण, आणि तेही इतक्या मायेने केलेलं, वर्तमानपत्रात फारसं वाचायला मिळत नाही. त्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. पण लेखासोबतच्या छायाचित्राने आणि त्याखालच्या ओळीने मला स्वस्थ बसू दिलं नाही. काचेच्या एका पेटीत, एकाच पोकळ ओंडक्याखाली दोन कॉर्न स्नेक एकमेकांवर वेटोळं घालून पडले आहेत आणि खाली लिहिलं आहे की एकट्या सापाला करमत नाही, म्हणून शक्यतो जोडी ठेवावी. हे वाचून कुणीतरी हौसेने दुसरा साप आणेल आणि पहिल्याच्या पेटीत सोडेल. त्या दोन्ही सापांसाठी हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, तरी कृपया छापावं.

मी पशुवैद्यक आहे. कुत्र्या-मांजरांबरोबर माझ्याकडे पक्षी, ससे, कासवं आणि साप येतात आणि सापांमध्ये सर्वांत जास्त येतो तो कॉर्न स्नेक. त्याचं कारण उघड आहे. बिनविषारी, शांत स्वभावाचा, केशरी-तांबड्या डागांचा देखणा साप. पूर्ण वाढ झाली की साधारण एक ते दीड मीटर भरतो आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं सहज जगतो. आपल्या धामणीच्या नात्यातलाच म्हणायला हरकत नाही. हातावर घेतला की बोटांमधून सावकाश वाट काढत जातो, जिभेने एकेक बोट तपासतो. त्याचा लळा लागतो. आणि लळा लागला की माणूस आपल्या मनातलं त्याच्या मनात पाहू लागतो. मला सोबत लागते, तेव्हा यालाही लागत असणार, असं वाटणं अगदी साहजिक आहे. तसं वाटण्यात प्रेमच आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच रागावून नव्हे, समजावून सांगावंसं वाटतं.

छायाचित्रातले ते दोन साप एकमेकांवर का पडले आहेत, ते आधी सांगते. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करू शकत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. कॉर्न स्नेकच्या पेटीत एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सियस ऊब ठेवावी लागते आणि दुसरं टोक २२ ते २४ अंशांवर थंडसर. म्हणजे त्याला हवं तेव्हा इकडून तिकडे सरकता येतं. शिवाय त्याला अंधारी, अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशी अरुंद लपायची जागा लागते. पाळणारे तिला हाइड म्हणतात. आता पेटीत उबदार टोकाचा हाइड एकच असेल, तर दोन्ही सापांना हवी असलेली जागाही एकच असते. दोघंही तिथेच शिरतात आणि जागा अपुरी म्हणून एकावर एक येतात. पाहणाऱ्याला मिठी दिसते. पुष्कळदा तर वरचा साप खालच्याला झाकून सगळी ऊब स्वतः घेत असतो, किंवा दोघांतला दांडगा आत राहतो आणि दुसरा पाण्याच्या भांड्यामागे, थंड कोपऱ्यात जाऊन पडतो. दुसरा तिथे पडलेला दिसला की मालक म्हणतात, याला थंड जागा आवडते.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथली पाइनची जंगलं, शेतांच्या कडा, पडकी कोठारं ही त्याची घरं. दिवसा झाडाच्या सुटलेल्या सालीखाली नाहीतर एखाद्या बिळात पडून राहायचं आणि संध्याकाळनंतर शिकारीला निघायचं, असा त्याचा क्रम. तो उंदीर पकडतो, झाडावर चढून पक्ष्यांची अंडी-पिल्लं काढतो. हे सगळं एकट्याने. विणीच्या दिवसांत नर मादीला हुडकत येतो, मीलन झालं की आपल्या वाटेने निघून जातो. मादी ओलसर कुजक्या लाकडात किंवा पालापाचोळ्यात अंडी घालते आणि तीही निघून जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आई जवळ नसते आणि भावंडंही आपापल्या दिशेने पांगतात. सहा-सात ग्रॅमचं ते पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं. दुसऱ्या कॉर्न स्नेकमुळे आपल्याला अन्न मिळालं, राखण झाली, माया मिळाली, असा प्रसंग त्याच्या साऱ्या आयुष्यात येत नाही.

कुणी म्हणेल, सापाला एवढं कुठे कळतं? कळतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड हॉल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी कॉर्न स्नेकच्या पिल्लांना एका मोठ्या गोल रिंगणात सोडून पाहिलं होतं. रिंगणाच्या तळाला भोकं होती, त्यांतलं एकच लपण्यासाठी उघडं होतं. पिल्लांनी ते कुठे आहे हे थोड्याच दिवसांत लक्षात ठेवलं. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ मध्ये इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकना लहान आणि मोठी अशा दोन्ही जागा देऊन पाहिल्या. निवड करायची मुभा मिळाल्यावर सापांनी अंग पूर्ण लांब करता येईल अशी मोठी जागा पसंत केली. म्हणजे या प्राण्याला जागेची जाण आहे आणि जागेबद्दल पसंती-नापसंतीही आहे. अशा प्राण्याच्या बिऱ्हाडात आपण दुसरा आणून कोंबतो.

आणि हो, सगळेच साप एकलकोंडे असतात असं माझं म्हणणं नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गार्टर साप हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एकाच खडकाळ कपारीत राहतात. कॅनडातल्याच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात गार्टर सापांची पिल्लं आपणहून एकमेकांजवळ जाताना, त्यातही ठरावीक सोबत्यांजवळ जाताना दिसली. मला हे अभ्यास फार मोलाचे वाटतात, कारण साप म्हणजे निर्जीव दोरी हा समज त्यांनी खोडून काढला. पण गार्टर साप वेगळा आणि कॉर्न स्नेक वेगळा. शिवाय गार्टर साप तिथे स्वतः जातो आणि नको वाटलं तर स्वतः निघून येतो. काचेच्या पेटीतल्या सापाला ती सोय नाही. आपण पेटीचं झाकण लावतो तेव्हा त्याची निघून जाण्याची वाटच बंद करतो.

मुख्य अडचण अशी की सापाचा त्रास ऐकू येत नाही. कुत्रा केकाटतो, मांजर फिसकारते, पोपट स्वतःची पिसं उपटतो. कॉर्न स्नेक गप्प राहतो. तो खाणं सोडतो, खाल्लेलं उलटून टाकतो, कात तुकड्यातुकड्यांनी टाकतो, रात्रभर काचेच्या कडेला नाक घासत फिरतो किंवा आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एखाद्या कारणानेही होऊ शकते. म्हणून दोन साप एकत्र असले की रोगाचं मूळ शोधणं माझ्यासाठीही कठीण होऊन बसतं.

माझ्याकडे एक कॉलेजात जाणारी मुलगी तिचे दोन साप घेऊन आली होती. एकाच वेळी अंड्यातून निघालेली भावंडं, विकणाऱ्याने जोडीनेच दिलेली. "मॅडम, लहानाला काही तरी झालंय. दोघं कायम एकमेकांना बिलगून असतात, पण हा वाढतच नाही," ती म्हणाली. दोघांना मी काट्यावर ठेवलं. मोठा ६८ ग्रॅम भरला, लहान २३. लहानाला तळहातावर घेऊन अंगठा पाठीवरून फिरवला तर कणा काठासारखा वर आलेला आणि दोन्ही बाजूंचं मांस आत गेलेलं. निरोगी सापाचं अंग हाताला गोल, भरलेलं लागतं. याचं तिकोनी लागत होतं. डोळ्यांवर मागच्या कातीतल्या टोप्या तशाच चिकटून राहिलेल्या, शेपटीच्या टोकाला वाळलेल्या कातीचं कडं. तोंडात जखम नव्हती, जंत-परोपजीवी सापडले नाहीत, अंगावर गाठ नव्हती. ती मुलगी हलगर्जी तर मुळीच नव्हती. खाण्याच्या तारखा, तापमान, सगळं वहीत लिहिलेलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की याला आजच्या आज वेगळ्या पेटीत ठेव, स्वतःची ऊब आणि स्वतःचा हाइड दे, आठवडाभर हात लावू नकोस आणि मग अगदी छोटा उंदीर दे. औषध काही दिलं नाही. काही आठवड्यांनी तिने पाठवलेल्या चित्रफितीत तोच साप संध्याकाळी हाइडमधून डोकं काढून, जीभ हलवत उंदीर धरलेल्या चिमट्याकडे येताना दिसला. पुढे तो नियमित खाऊ लागला आणि भरू लागला. त्याच्या अंगात रोग नव्हताच. इतके दिवस तो रोज दुसऱ्याच्या वासात राहत होता आणि त्याच्या वाट्याची ऊब दुसराच घेत होता, एवढंच.

हे ऊब न मिळण्याचं प्रकरण वाटतं त्याहून गंभीर आहे. उंदीर गिळल्यावर सापाला तो पचवायला ऊब हवीच. ती मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटात कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. सापाची उलटी माणसाच्या उलटीसारखी किरकोळ नसते. पोटातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका पोळते, पोटातले पचनाला मदत करणारे जंतू कमी होतात. एकदा उलटी झाली की किमान दहा दिवस ते दोन आठवडे त्याला काहीच द्यायचं नसतं आणि त्यानंतरही नेहमीपेक्षा लहान उंदराने सुरुवात करायची असते. घाई केली तर पुन्हा उलटी, मग आणखी अशक्तपणा, आणि या चक्रात लहान साप दगावतात.

आता पेटीत दोन साप आहेत आणि सकाळी तळाच्या कागदावर अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसला, तर तो कुणाचा? मालक तो उंदीर आणि दोन्ही साप घेऊन माझ्याकडे येतात. मी विचारते, उलटी कुणाची? ते म्हणतात, माहीत नाही. दोघांनीही काल खाल्लं होतं. शी पातळ झाली, ती कुणाची? माहीत नाही. मग मी दोघांनाही उपाशी ठेवायला सांगते, दोघांचीही तपासणी करते, आणि ज्याला काहीच झालेलं नाही तोही उगाच भरडला जातो. एकट्या सापाची शी, मूत्रातला पांढरा खडा, कात, वजन, खाण्याचा उत्साह यांतून मला त्याच्याबद्दल जवळजवळ सगळं कळतं. तो बोलत नाही, पण एवढी खबर मागे ठेवतो. दोघं एकत्र आले की ती खबरच पुसली जाते. इतर सगळे मुद्दे बाजूला ठेवले तरी या एका कारणासाठी मी दोन साप एकत्र ठेवू देणार नाही.

आणि आजार लागट असेल तर? सापांमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आढळतो. तो जठराच्या अस्तरात घर करतो, अस्तर सुजून जाड होतं, सापाच्या अंगाच्या मधल्या भागात फुगवटा दिसू लागतो, खाल्लेलं काही दिवसांनी उलटतं आणि साप झिजत जातो. कॉर्न स्नेकमध्ये हा आजार चांगलाच परिचित आहे. खात्रीचा इलाज नाही. याहून वाईट म्हणजे एखादा साप वरून धडधाकट दिसत असतानाही शीतून त्याची बीजं बाहेर टाकत असतो, तीही रोज नाही, अधूनमधून. त्यामुळे एका तपासणीत काही निघालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. नेहमीच्या ब्लीचने ही बीजं मरत नाहीत. एकाच पाण्याच्या भांड्यातून पिणारे, एकाच कागदावर शी करणारे दोन साप असतील तर एकाला झालेलं दुसऱ्याला होणारच, असं धरून चालावं. साधे माइट घ्या. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत, खवल्यांच्या आड बसून रक्त पिणारे हे काळे बारीक किडे पाण्याच्या भांड्यात मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपक्यांसारखे तरंगताना दिसतात. एका सापावर असले तर पेटी रिकामी करून, उकळत्या पाण्याने धुऊन निभावता येतं. दोघांवर असले की काम नुसतं दुप्पट होत नाही, एकावरून गेलेले दुसऱ्यावरून परत येत राहतात. म्हणून नवा साप आला की दोन-तीन महिने तो निराळ्या खोलीत, निराळी भांडी, निराळा चिमटा घेऊन ठेवावा, असं आम्ही सांगतो. लेखातल्या सल्ल्याप्रमाणे दुसरा साप थेट पहिल्याच्या पेटीत गेला तर हे सगळंच बाद होतं.

खाण्याच्या वेळेबद्दल लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. कॉर्न स्नेक हा किंग स्नेकसारखा सापखाऊ साप नव्हे, हे खरं आहे. तरीही कॉर्न स्नेकने कॉर्न स्नेकला गिळल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांमध्ये आणि पशुवैद्यकांमध्ये ठाऊक आहेत, विशेषतः पिल्लांत. जंगलात हेच पिल्लू लहानपणी सरड्यांवर आणि झाडावरच्या बेडकांवर जगतं. समोर वळवळणारं, सडपातळ काही दिसलं की झडप घालणं त्याच्या अंगातच आहे. त्यात पेटीत उंदराचा वास पसरलेला. दोन्ही पिल्लांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला, तर दोघंही गिळत मध्यापर्यंत येतात. सापाचे दात मागे वळलेले असतात, धरलेलं सोडणं त्याला अवघड जातं. मोठा जबडा पुढे सरकत राहतो आणि उंदरापाठोपाठ दुसऱ्याचं डोकंही आत जातं. गिळला गेलेला तर मरतोच. गिळणाऱ्याला आपल्याएवढ्याच लांबीचं शरीर पचवणं फार जड जातं, तोही पुष्कळदा उलटी करताना किंवा गुदमरून मरतो. मालकाला सकाळी पेटीत एकच साप दिसतो, अवजड, ताठरलेला.

यावर बरेच जण सांगतात की आम्ही खायला घालताना दोघांना वेगळं करतो आणि मग परत एकत्र ठेवतो. हेतू चांगला आहे, पण त्यात दोन अडचणी येतात. खाल्ल्यावर सापाला किमान ४८ तास हात लावू नये, कारण भरल्या पोटी उचलला की तो उलटी करू शकतो. आणि त्याच्या तोंडाला, डोक्याला उंदराचा वास लागलेला असतोच. साप जगाची ओळख जिभेने टिपलेल्या वासातून करून घेतो. टाळूतल्या खास इंद्रियाकडे तो वास पोचतो आणि उंदराचा वास आला की त्याच्या दृष्टीने समोर उंदीर असतो. अजून भूक न भागलेल्या सोबत्यापुढे आपण त्या वासाचा साप नेऊन ठेवतो.

नर आणि मादी एकत्र असतील तर गोष्ट आणखी बिघडते. पिल्लांचं लिंग वरून ओळखता येत नाही. विकताना दोन्ही माद्या म्हणून दिलेल्यांत पुढे एक नर निघतो, हे मी नेहमी पाहते. नर दीड-दोन वर्षांत वयात येतो आणि मादीची वाढ पुरती झालेली नसली तरी तिच्या मागे लागतो. बाहेर मोकळ्यावर ती निघून गेली असती. पेटीत ती जाणार कुठे? जेमतेम वाढलेल्या मादीच्या पोटात अंडी धरली तर तिच्या हाडांतला कॅल्शियम आणि अंगातली चरबी अंड्यांत जाते. एका विणीत १० ते ३० अंडी असतात. एखादं अंडं अडकलं तर ती पोट फुगलेली, दमलेली, पेटीत गोल गोल फिरत राहते आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते. काही वाचतात, काही नाही. त्यात मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवू शकते, तेव्हा एका वेळच्या संगतीतून पुढे दुसरी वीणही येऊ शकते. जाणते पैदासकार म्हणूनच मादी तीन वर्षांची, अंगाने भरलेली होईपर्यंत थांबतात, नराला तिच्यापाशी मोजक्या वेळेपुरतं, देखरेखीखाली सोडतात आणि मग पुन्हा वेगळं करतात. छायाचित्रातल्या पेटीसारखी बारमाही जोडी तेही ठेवत नाहीत. दोन नर एकत्र असतील तर विणीच्या काळात ते एकमेकांना पिळा घालून खाली दाबू पाहतात. हेही लोकांना प्रेम वाटतं.

"माझे दोन साप कित्येक वर्षं एकत्र आहेत, कधी काही झालं नाही," हे मी सर्वांत जास्त ऐकते. सांगणाऱ्यांवर माझा विश्वास आहे. प्रत्येक जोडीत अनर्थ घडतोच असं मी म्हणणार नाही; बऱ्याच जोड्या वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत नीट राहतात. पण मग मी विचारते, दोघांची वजनं किती? उबदार हाइडमध्ये रोज कोण असतो? मागची कात कुणाची अखंड निघाली? क्वचितच कुणाला सांगता येतं. काही झालं नाही याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की अजून कुणी मेलं नाही. आणि समजा खरोखरच त्रास झाला नाही, तरी एकत्र राहून सापाला मिळालं काय? खूप विचार करूनही मला एकही गोष्ट सापडत नाही. एक पेटी वाचली, वीज वाचली, बघायला छान वाटलं, हे सगळे फायदे आपले आहेत.

पेटी खूप मोठी केली, दोन उबदार टोकं, चार हाइड ठेवले तर? हा प्रश्न विचारणारे लोक सहसा काळजी करणारे असतात, म्हणून त्यांना टाळत नाही. ताण कमी होईल हे नक्की. पण वास तोच, पाणी तेच, शी कुणाची हे कळायचं नाही ते नाहीच, आणि उंदराच्या वेळचा धोका तसाच. एका मोठ्या सापाला अंग ताणून सरळ होता यावं इतकी लांब पेटी हवी, म्हणजे दीड मीटरच्या सापाला दीड मीटरची. तेवढी जागा तुमच्याकडे असेल तर ती एकाला द्या. त्यात चढायला फांद्या लावा, उकरायला खोल थर घाला, साल, पानं, दगड, वेगवेगळ्या उंचीवर लपायच्या जागा ठेवा. सापाला करमत नाही असं वाटत असेल तर त्याचा उपाय हा आहे. आमच्याकडे येणारे साप अशा पेटीत संध्याकाळी कसे फिरतात, फांदीवर चढून शेपटीने तोल धरून पलीकडे कसे वाकतात, हे एकदा पाहिलं की कुणी त्यांना आळशी म्हणणार नाही.

ज्यांच्याकडे आज दोघं एकत्र आहेत, त्यांनी नवी पेटी येईपर्यंत थांबू नये. झाकण घट्ट बसणारा, बाजूंना हवेसाठी भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा काही दिवसांसाठी पुरतो. तळाला साधा कागद, एक जड पाण्याचं भांडं, उलटा ठेवलेला आणि एक दार कापलेला छोटा डबा हाइड म्हणून, आणि एका टोकाखाली थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं उपकरण, लावलेली उष्णतेची पट्टी. थर्मोस्टॅटशिवाय पट्टी लावू नका. सापाचं पोट भाजलेलं मी पाहिलं आहे आणि त्या जखमा भरायला फार दिवस लागतात. दोघांतला जो बारीक आहे त्याला हलवण्याऐवजी दांडग्यालाच नव्या डब्यात न्या, म्हणजे अशक्ताला परिचित जागा राहील. फक्त जुना कागद काढून पेटी स्वच्छ पुसून घ्या, दुसऱ्याचा वास उतरेल. एकाला हाताळून दुसऱ्याकडे जाण्याआधी हात साबणाने धुवा. आठवडाभर दोघांना निवांत राहू द्या. स्वयंपाकघरात असतो तसा डिजिटल काटा सापासाठी वेगळा ठेवा आणि दर आठवड्याला दोघांची वजनं ग्रॅममध्ये लिहून काढा. वजन घटत असेल, उलटी होत असेल, अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसत असेल तर थांबू नका, सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला गाठा, आणि येताना ताजी शी एका झाकणाच्या डबीत घेऊन या.

साप विकणाऱ्यांनाही एक विनंती. भावंडं आहेत, एकत्र राहतील, असं सांगून दोन पिल्लं एका डब्यात देऊ नका. घेणाऱ्याकडे पेटी एकच असेल तर साप एकच द्या. तुमच्याकडे पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत का असतात, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. तेच कारण गिऱ्हाइकालाही सांगा.

संपादक महाराज, आपल्याकडे मागणं एवढंच की पुढच्या रविवारच्या पुरवणीत त्या छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी. जमल्यास सोबत एकट्या कॉर्न स्नेकचं, ऐसपैस पेटीत फांदीवर चढलेलं छायाचित्रही द्यावं. तसं छायाचित्र हवं असेल तर आमच्याकडे येणाऱ्या सापमालकांपैकी दोघा-तिघांनी ते आनंदाने द्यायची तयारी दाखवली आहे, मी आपल्या कार्यालयात पोचतं करीन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक पशुवैद्यक